विरुद्ध पक्ष क्रमांक एक

विषय : स्कूटीच्या मागील सीटवरून पडून डावे मनगट मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मिळणेबाबत.
संदर्भ : भिंगारच्या बाजाराजवळील गतिरोधक.

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, स्कूटी माझी पत्नी मालन चालवत होती. (मला येत नाही. एकदा शिकलो होतो. ती फाईल बंद आहे.) प्लॅस्टर चढलं आणि शेजारचा आदिनाथ वकील समाचाराला आला. बिस्किटं खाता खाता म्हणाला, "काका, क्लेम टाका. तुमच्या पॉलिसीत मागे बसणाराही धरलाय. पैसे कंपनी देते, काकूंना दमडी पडत नाही. फक्त चूक चालवणाऱ्याची होती एवढं लिहायचं."

"म्हणजे हिच्याविरुद्ध?"

"कागदावर हो! काकू विरुद्ध पक्ष क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. काय घडलं ते दोन ओळींत लिहून द्या. आणि काकूंना आधी सांगून ठेवा."

एका हाताने पायजम्याची नाडी बांधता येत नाही. ती रोज सकाळी मालन बांधत होती. तेव्हा नाडी बांधून झाली की सांगू, असं मी ठरवलं. मग चहानंतर सांगू. मग जेवणानंतर. (नोकरीत आम्ही याला 'योग्य वेळी सादर करणे' म्हणत असू.)

दोन ओळी मात्र त्याच दुपारी लिहायला घेतल्या. आता, टिपण्या लिहिण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला कोरा कागद आणि 'बायकोचा हलगर्जीपणा' हा विषय एकदम मिळाला, तर दोन ओळींत भागतं का? 'वि. प. क्र. १ या वळताना हात दाखवत नाहीत' इथून सुरुवात झाली. 'वाहन चालवताना कोणाचे ऐकत नाहीत' इथवरही ठीक होतं. पुढे 'वाहन चालवत नसतानाही ऐकत नाहीत' हा मुद्दा ओघानेच आला, आणि तिसऱ्या पानावर मी तिच्या भावाच्या लग्नातल्या मानपानापर्यंत पोहोचलो. आदिनाथने घाईत ती पानं तशीच अर्जाला जोडली.

अकरा वर्षं मी जावक विभागात होतो. कागदाची प्रत समोरच्या पक्षाला जाते, हे मी शंभर जणांना शिकवलं असेल. समोरच्या पक्षाचा पत्ता म्हणजे आमचंच घर, हे मात्र छगन पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा लक्षात आलं.

"द्या इकडं," मी म्हणालो.

"न्हाई साहेब, बाईंच्या नावाचं हाय. त्यांचीच सही पायजे."

"अरे, मी नवरा आहे तिचा!"

"कोर्टाचं हाय म्हून तर म्हनतो. ज्याचं त्याला. ओ बाई!"

मालन हात पुसत आली. सही केली, चष्मा लावला आणि कॉटवर बसून वाचू लागली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. ती उठली नाही. मला कर्जतची एसटी दिसू लागली, तिच्या माहेरची. आणि माझी नाडी.

"अहो, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"वकिलांनी... मार्गदर्शन केलं."

"बाळंतपणाला कर्जतला गेले होते, तेव्हा तुमचं एकच पत्र आलं होतं. चार ओळी. त्यातल्या दोन घरपट्टीबद्दल." तिने पान उलटलं. "माझ्यावर तीन पानं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलीत!"

आणि ती हसत सुटली. चष्मा काढून डोळे पुसू लागली. मीही हसलो. (सुटलो, म्हणून.) दुसऱ्या दिवशी नाडीही तिनेच बांधली, जरा करकचून.

"पण मलाही म्हणणं मांडता येतं ना?" तिने आदिनाथला विचारलं. येतं, म्हणाला. तिने मांडलं : 'मजकूर खरा आहे. मी हात दाखवत नाही, म्हणून अर्जदार मागे बसून उजवा हात लांब करून वळण दाखवत होते. डाव्या हातात कोबीची पिशवी होती. धरायला तिसरा हात त्यांना नाही.'

आदिनाथने ते दोनदा वाचलं. "काका, निम्मी चूक तुमच्यावर येणार."

कोर्टातल्या अर्जाला पुढची तारीख पडली आहे. तारखेला वि. प. क्र. १ स्कूटीवरून जातात, अर्जदार शेअर रिक्षाने. पुन्हा मागे बसू देण्याबाबत मी घरातही एक अर्ज दिला असून 'दोन्ही हातांनी धरून बसेन व तोंड बंद ठेवीन' अशी लेखी हमी जोडली आहे. पैकी पहिली बाब मान्य झाली. दुसरीबाबत, पूर्वानुभव पाहता, शंका उपस्थित करण्यात आली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.