मधूचं त्रेसष्टावं काम

आमच्या मधू घरतला बंद घरात शिरताना पाहिलं की नवा माणूस बुचकळ्यात पडतो. घराला बाहेरून कुलूप असतं. चावी मधूच्या हातात असते. आत कोणी नाही हे मधूइतकं गावात कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. तरी तो पायरीखाली चपला काढतो, कडी तीनदा वाजवतो आणि थांबतो. किती थांबतो ते मी मोजलंय. दहा आकडे होतात. मग कुलूप काढतो.

"अरे, आत आहे कोण?" मी एकदा विचारलं.

"पाल हाय, उंदीर हाय, एखादं जनावर असंल. त्यांना आवरायला येळ नको? तू कपडे बदलत असताना कोण भसकन दार लोटून आत आला, तर चालंल का तुला?"

मधू आणि मी एका वर्गातले. आमचं गाव मुरूडच्या अलीकडे, एसटीनं अर्धा तास. गावात जितकी उघडी घरं आहेत जवळजवळ तितकीच बंद. मुंबई-पुण्याच्या लोकांनी हौसेनं बांधलेली, वर्षातून पंधरा दिवस उघडणारी. मधू ती सांभाळतो. खाऱ्या हवेत कुलपं दोन महिन्यांत गंजतात, त्यांत तेल सोडतो. विहिरीचा पंप फिरवतो, गाद्या उन्हात टाकतो, पावसाआधी पडवीला झावळ्या बांधतो. घरांना तो मालकाच्या नावानं ओळखत नाही, प्रकृतीनं ओळखतो. एक 'सर्दीवाला' बंगला आहे, त्याच्या भिंतींना बारा महिने ओल. एक 'रागीट' आहे, त्याचं दार वाऱ्यानं आपटतं. एक 'हावरट' आहे, त्याची टाकी कितीही भरा, रिकामीच.

मी न्हावा शेव्याला बावीस वर्षं मालाची मोजणी केली. कंटेनर उघडायचा, खोकी मोजायची, कागदाशी जुळली तर सही करायची. तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलो, पण समोर काही ढीग दिसला की अजून मोजतो. मधूच्या कमरेच्या जुडग्यात सत्तावीस चाव्या होत्या. घरं तो सव्वीस सांगायचा.

"चाव्या सत्तावीस आहेत," मी म्हणालो.

"ते वेगळं," मधू म्हणाला.

'ते वेगळं' हे मधूचं कुलूप आहे. ते लागलं की पुढे कोणी जाऊ शकत नाही.

त्याची दुसरी एक सवय आमच्या घरात फार चर्चेची होती. आठवड्यातून दोनदा तो आमच्याकडे येतो, आणि पुढच्या दारानं नाही, परसातून. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर विहिरीकडे तोंड करून बसतो. बोलत नाही. चहा दिला तर पितो, नाही दिला तर मागत नाही. बरोबर अर्ध्या तासानं उठतो, एकदा खाकरतो आणि जातो. पहिल्या वर्षी माझी बायको मला म्हणाली, "मधूभावजींना काही हवं असतं का? विचारा तरी." मी विचारलं. "काय न्हाय," मधू म्हणाला, "बसलोय." तेव्हापासून ती मागच्या दाराऐवजी पुढच्या पडवीत कोथिंबीर निवडू लागली.

तर अशा या माणसाची मागल्या वर्षी पंचाईत झाली. त्याच्याकडे अडतीस घरं होती, ती सव्वीसवर आली. बारा मालक नवी मुंबईच्या एका कंपनीकडे गेले. त्यांची वेबसाइट, त्यांचं अ‍ॅप, झाडू मारल्याचा फोटोसुद्धा मालकाच्या मोबाइलवर. पनवेलकडे असलेल्या मेव्हण्यानं मधूला एका कंटेनर यार्डात फाटकावरची नोकरी बघून ठेवली होती. बारा तासांची पाळी, राहायला पत्र्याची खोली. गणपती झाले की हो किंवा नाही कळवायचं होतं.

"जावं लागंल," मधू उंबऱ्यावरून म्हणाला. त्या दिवशी अर्ध्या तासात तो एवढंच बोलला. तो एकटा राहतो, त्यामुळे अडवायला घरी कोणी नव्हतं. उठताना मात्र म्हणाला, "पण मग माझं घर कोण बघंल?"

माझी मुलगी सायली घरूनच एका कंपनीचं काम करते. वेबसाइटी बनवणं हेच तिचं काम. ती म्हणाली, "मधूकाका, नोकरीचं थांबा जरा. आपण तुमची साइट करू. फार नको. एकच पान महत्त्वाचं, तुम्ही कोणकोणत्या सेवा देता त्याचं. तुम्ही नेमकं काय करता सांगा."

"लक्ष ठेवतो."

"लक्ष ठेवतो म्हणजे काय करता?"

मधूनं माझ्याकडे पाहिलं. जणू हिला साधं मराठी कळत नाही.

"काका, लक्ष ठेवतो असं सगळेच लिहितात. त्या कंपनीनंही लिहिलंय. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की तुमचे हात काय करतात. घरी जा आणि एकेक काम लिहून आणा."

चौथ्या दिवशी मधूनं शाळेची वही आणली. त्रेसष्ट कामं. मी घड्याळ लावून वाचली, अकरा मिनिटं लागली. काही मासले देतो. 'पंपाचा आवाज ऐकणे. घसा बसला असेल तर झाकण उघडणे.' 'फ्रिजचे दार फडका घालून थोडे उघडे ठेवणे.' 'टीव्हीची वायर काढून ठेवणे.' 'मासळी कोणाकडे ताजी ते सांगणे. आणून देणे नाही.' 'वटवाघूळ असल्यास विनंती करणे.'

"विनंती?" सायलीनं विचारलं.

"दिवा लावून ठेवतो. जातं बिचारं."

सायली म्हणाली, अकरा मिनिटं कोणी वाचणार नाही. माणूस फोनवर अंगठ्यानं पान सरकवत असतो, त्याला आपलं काम चटकन सापडलं पाहिजे. तिनं गट पाडले: नळकाम, वीजकाम, बागकाम, सफाई. छान दिसत होतं. मधू बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आता काय झालं काका?"

"मालक मला नळकाम म्हून फोन करत न्हाय, पोरी. मालक म्हणतो, मधू, शनिवारी येतोय. न्हायतर म्हणतो, टीव्हीवर वादळ दाखवतायत, घर कसं हाय?"

सायलीनं वही परत उघडली. मग तिनं सगळे गट पुसले आणि नवे सात लिहिले: तुम्ही येण्याआधी, तुम्ही इथे असताना, तुम्ही गेल्यावर, पावसाआधी, भर पावसात, पावसानंतर, अचानक काही झालं तर. प्रत्येक गटाखाली मधूची कामं, मधूच्याच शब्दांत, शुद्धलेखन तेवढं तिचं. वर सर्दीवाल्या बंगल्याच्या तेल घातलेल्या कुलपाचा फोटो. स्वतःचा फोटो द्यायला मधू तयार नव्हता. "माझ्याकडे बघून काय करायचं? कुलूप बघा म्हणावं."

सगळं जमत आलं आणि त्रेसष्टावं काम अडलं. वहीत शेवटी लिहिलं होतं, 'घरात बसणे.'

"हे काय?" सायलीनं विचारलं.

"बसतो. अर्धा तास. पंखा लावायचा, बसायचं, उठताना एकदा खोकायचं."

"खोकायचं कशाला?"

"घराला कळतं, माणूस हाय."

"काका, हे नको हं. लोक म्हणतील, हा आमच्या घरात जाऊन आराम करतो."

"म्हणू देत. पन बसतो ते बसतो."

मी मध्ये पडलो. "मधू, पोरगी बरोबर बोलतेय. घर टिकतं ते बांधकामावर. आमचं बघ. आई गेली, मी कुलूप लावलं, नऊ वर्षं घर बंद. गणपतीला आणि मे महिन्यात काय येत होतो तेवढंच. कधी कुबट वास नाही, दार कुरकुरलं नाही. बापानं चुना चांगला वापरला होता."

मधू विहिरीकडे बघत म्हणाला, "व्हय. चुना चांगला हाय."

सायलीनं ती ओळ काढली. पान प्रसिद्ध करण्याआधी तिनं ते मला तपासायला दिलं आणि जेवायला गेली. मी सवयीप्रमाणे मोजलं. सात गट, बासष्ट कामं. वहीत त्रेसष्ट. पुन्हा मोजलं. बासष्टच. आता तुम्ही हसाल, पण बावीस वर्षांत कमी भरलेल्या मालावर मी एकदाही सही केलेली नाही. हात पुढेच जाईना. शेवटी पानाच्या तळाशी मी स्वतः टाइप केलं, 'घरात बसणे: अर्धा तास', आणि बटण दाबलं.

सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग फोन यायला लागले. मधूच्या घरी रेंज नाही, म्हणून तो संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसे आणि फोन स्पीकरवर टाकून बोले. गणपतीपर्यंत सतरा फोन आले. त्यांतल्या बारा जणांनी पहिला प्रश्न तळाच्या ओळीबद्दल केला. एक जण हसत सुटला. एकानं कडक आवाजात विचारलं, "बसून टीव्ही बघणार का आमचा?"

"टीव्हीची वायर काढलेली असते. वर लिवलंय बघा, 'तुम्ही गेल्यावर'मधी," मधू म्हणाला.

त्या माणसानं वर जाऊन ते वाचलं असावं. दुसऱ्या दिवशी चावी पाठवली.

डोंबिवलीच्या एक बाई होत्या. आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी पंप, झावळ्या काहीच विचारलं नाही.

"ते बसणं लिहिलंय, ते कुठे बसता तुम्ही?"

"जागा असंल तिथं. मालकाच्या खुर्चीत न्हाय बसत."

मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे खिडकीशी वेताची खुर्ची आहे. ह्यांची. दोन वर्षं तशीच आहे. तीत बसलात तरी चालेल."

"बरं," मधू म्हणाला. "पुसून बसंन."

सतरापैकी नऊ जणांनी चाव्या दिल्या. गणपती झाल्यावर मधूनं मेव्हण्याला कळवलं की जमणार नाही. सायलीनंही मला माफ केलं, पण ओळीचं श्रेय तिनं मधूला दिलं, मला नाही.

त्याच आठवड्यात ती पानावरचा घरांचा आकडा बदलायला बसली. मधू नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर होता, जुडगा शेजारी ठेवलेला. मी जुडगा उचलला आणि मोजला.

"सायली, घरं पस्तीस, चाव्या छत्तीस. काय लिहायचं ते ह्याला विचार."

"पस्तीस," मधू न वळता म्हणाला.

"मग ही एक जास्तीची?"

"ते वेगळं."

इतर सगळ्या चाव्यांना मधूनं रंगीत चिंध्या बांधल्या आहेत. एकीला नव्हती. पितळेची, डोक्याला गोल भोक, एका बाजूला टवका. मी ती बघत राहिलो. मग वर पाहिलं. मागच्या दाराजवळ खुंटीला तिची जोडीदार लटकत होती.

मी स्वतःला हिशेबी माणूस समजतो. बारा वर्षांपूर्वी आईचं तेरावं आटोपून निघताना, एसटी चुकेल म्हणून घाईघाईत, मी मागच्या दाराची एक चावी मधूच्या हातात कोंबली होती. हे मी पार विसरलो होतो.

"मधू, नऊ वर्षं तू इथे..."

"तू चावी दिलीस. म्हणालास, लक्ष ठेव." तो विहिरीकडेच बघत होता. "तेव्हा माझ्याकडं कुठलं दुसरं घर नव्हतं. लक्ष ठेव म्हंजे काय करायचं, ते तू काय सांगितलं न्हाय. दार उघडलं, तर आत म्हातारी न्हाय. नुसतंच उभं राहून काय करायचं? मग इथं बसलो. ती शेंगा सोलायला बसायची ना, इथंच."

सायली टाइप करायची थांबली होती.

"आणि आता? आता तर आम्ही राहतो इथे."

"व्हय. पण सवय लागली," मधू म्हणाला, "घराला." मग उठला, खाकरला, जुडगा कमरेला लावला आणि परसातून निघून गेला. मी घड्याळ बघितलं. अर्धा तास झाला होता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा उंबरा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी तिनं तिथे एक गोणपाटाची घडी घालून ठेवली.

दिवाळीनंतर मधूची पाली गावात दिलेली बहीण आजारी पडली. तो दोन दिवसांसाठी जायला निघाला, मुक्काम सहा दिवसांवर गेला. जाताना त्यानं स्टँडवर माझ्या हातात एक चावी ठेवली. त्याच्या स्वतःच्या घराची. माझ्या माहितीत त्यानं ती आजवर कुणालाच दिली नव्हती.

"लक्ष ठेव," मधू म्हणाला आणि गाडीत चढला.

मी त्याला विचारलं नाही की म्हणजे काय करायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो. पायरीखाली चपला काढल्या. रस्त्यावर कोणी नाही असं बघून घेतलं आणि कडी तीनदा वाजवली. दहा आकडे मोजले. मग कुलूप काढून आत गेलो, पंखा लावला, आणि त्याची खुर्ची सोडून भिंतीशी स्टुलावर बसलो. घरात दोन खुर्च्या नाहीत, एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. अर्धा तास बसलो. उठताना एकदा खोकलो.