आजऱ्याला जायचा रस्ता

ईश्वरीच्या वाढदिवसाला मोबाईल नको, जादूगार नको, डीजे तर नकोच, असं संयोगितानं ठरवलं आणि तिथंच घोळ झाला. (मूल हुशार निघावं म्हणून ती जे जे करी, ते बहुतेक मोबाईलवरच वाचलेलं असे.) आठवडाभर खपून तिनं रंगीत कार्डांवर 'आपलं कोल्हापूर, आपला प्रवास' असा प्रश्नांचा खेळ बनवला.

"बघू, चालतंय का," जाऊबाई मोना म्हणाल्या. म्हणजे चालणार नव्हतं.

पण चाललं. रंकाळा, पन्हाळा, जोतिबा. पोरं पटापट उत्तरं देत होती. सासर-माहेर एकाच सोफ्यावर बसून कौतुकानं बघत होतं. संयोगितानं निर्धास्त होऊन पुढचं कार्ड उचललं.

"कोल्हापूरहून आजऱ्याला जाताना वाटेत काय लागतं? गारगोटी की गडहिंग्लज?"

"गारगोटी," पोरांच्या आधी सासरे आकारामतात्या बोलले. ते मूळचे गारगोटीचे.

"गडहिंग्लज," तिचे वडील बाळासो म्हणाले. ते गडहिंग्लजचे.

"पावणं, त्या रस्त्यावर हयात गेली आमची."

"म्हणूनच उशीर होतोय तुम्हाला. आजऱ्यात हिच्या लग्नाच्या अक्षता पडायची वेळ झाली, तरी वऱ्हाड वाटेतच हुतं तुमचं."

"आलं की पण. आणि आल्यावर जेवाण संपलं हुतं, ते कुठल्या रस्त्यानं गेलतं?"

संयोगितानं कार्ड पटकन पाठीमागं लपवलं. लग्नापासून झाकून ठेवलेलं ते जेवण आज तिच्याच कार्डानं उघडलं होतं. आता गारगोटी म्हणावं तर माहेर तुटणार, गडहिंग्लज म्हणावं तर सासर.

"दोन्ही बरोबर आहे," ती म्हणाली.

"दोन्ही कसं बरोबर असंल? पोरीला असंच शिकवतीस व्हय?" तात्या म्हणाले.

"आता बोललासा, पावणं," बाळासो म्हणाले. एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

"मग जाऊनच बघूया की," तिचा नवरा विश्वजित गाडीची किल्ली शोधत म्हणाला. मघापासून तो जांभया देत होता.

बघता बघता दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. एक गारगोटीमार्गे, एक गडहिंग्लजमार्गे. मिळेल त्या गाडीत पोरं घुसली. साक्षीदार पाहिजे म्हणून मोना पुढच्या सीटवर बसल्या. संयोगितानं पर्स उचलली, तर तात्यांनी हात आडवा केला.

"तू न्हाय. परीक्षकानं कुठल्या बाजूला बसायचं न्हाय."

"आणि केक?"

"आल्यावर कापू. आजऱ्याचा वासाचा घनसाळ तांदूळ आणतो येताना."

धुरळा खाली बसला. घरात उरले फुगे, संयोगिता, आणि केक सोडून कुठंही जायचं नाही म्हणून मागं राहिलेली ईश्वरी. आता हिच्या मनावर जन्माचा परिणाम होणार. (त्यावरही तिनं वाचलेलं होतं.) ईश्वरी मात्र शांतपणे कार्डं गोळा करत होती.

"आई, हा खेळ आमच्या शाळेत घेशील?"

संयोगितानं तिला जवळ ओढलं. निदान एकीला तरी कदर होती.

"घेईन की, बाळा. एवढा आवडला तुला?"

"तसं न्हाय. आमच्या बाई गारगोटीच्या हायत आणि हेडसर गडहिंग्लजचे."