आभारांची घसरगाडी

सोमवारी सकाळी जहूरभाई कतार कायमचं सोडून रत्नागिरीला जाणार होते. एकतीस वर्षांची नोकरी संपली होती, बॅगा भरून झाल्या होत्या. राहिलं होतं एकच काम. अल अझीझियातल्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात राहणाऱ्या अरुणकुमारांचे आभार मानायचे.

गेल्या वर्षी बायको बिलकिस गावी असताना जहूरभाईंचं पित्ताशय बिघडलं. अरुणकुमारांनी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ जहूरभाईंच्या चपला मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिले. पुढे अकरा दिवस लुसैलच्या ऑफिसातून सुटले की मऊ भाताचा डबा घेऊन यायचे. पण आभारांचा नुसता विषय निघाला की हा माणूस पळत सुटे. “खलास, जहूरभाई! घरच्यांचे कुणी आभार मानतं का?” म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

तोंडाने जमेना म्हणून जहूरभाईंनी शिरखुर्म्याचा डबा पाठवला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून अरुणकुमारांच्या बायकोने, रत्नप्रभावहिनींनी, पुरणपोळ्या भरून दिल्या. मग इकडून सांदणं गेली. तिकडून चकल्या आल्या, त्याही मोठ्या डब्यात. वर्षभरात डब्याचं पातेलं झालं आणि आभार होते तिथेच राहिले.

“याच्यावरचं भांडं आता आपल्या घरात नाय,” बिलकिस म्हणाली. “काय ते तोंडानं बोला.”

“तो उभा राह्यला तर बोलू ना!”

शुक्रवारी सगळ्यांनी मिळून सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांवर जहूरभाईंच्या निरोपाची सहल काढली. पुतण्या सुफियानला टीव्हीवर लूजच्या, म्हणजे बर्फावरून उताणं झोपून घसरगाडीने घसरायच्या शर्यती बघायचं वेड. त्याने वाळूवर घसरायच्या दोन फळ्या जोडून घसरगाडी केली होती आणि तिला जहूरभाईंच्याच बॅगांचे पट्टे लावले होते.

“चाचा, ही डबल्स स्प्रिंट. एका गाडीवर दोघं, एकावर एक उताणे, पाय पुढे. घड्याळ वरून सुरू नाही होत. आधी घसरून स्पीड घ्यायचा, मग त्या लाल झेंड्यापासून टाइम मोजायचा.”

“खालच्याला मधेच उठून जाता येतं?”

“कसं जाणार? पट्ट्याने बांधलेला असतो.”

जहूरभाईंचा चेहरा उजळला. “अरुणभाऊंना बोलव.”

अरुणकुमार आले ते संशय घेऊनच. “यात आभार-बिभार नाही ना?”

“नाय ओ. स्पोर्ट्स हाय.”

सुफियान म्हणाला, “अरुणअंकल वर. वरच्याला पुढचं जास्त दिसतं, वळवायचं त्याच्या हातात असतं.”

अरुणकुमारांनी कानाला हात लावले. “वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर मी झोपू? कदापि नाही.”

म्हणून ते खाली झोपले आणि जहूरभाई त्यांच्या छातीवर डोकं टेकून वर. दोघांच्या डोक्यात मोटारसायकलची हेल्मेटं. पट्टे आवळले गेले.

“अहो, तुमचा चष्मा माझ्या पर्सात हाय!” बिलकिस ओरडली. तोवर सुफियानने “यल्ला!” म्हणून ढकललं होतं.

झेंड्यापर्यंत जहूरभाईंनी नुसता घसा साफ केला. झेंडा मागे पडला आणि वर्षभर साठलेलं एकदम बाहेर आलं.

“अरुणभाऊ, तुम्ही नसतात तर मी मेलो असतो!”

“डावीकडे, जहूरभाई!”

“अकरा दिवस भात आणलात!”

“अहो, डावीकडे! तंबू आहे पुढे!”

“कुठे तंबू? सख्खा भाऊ करणार नाय एवढं केलंत!”

गाडी उजवीकडेच गेली आणि एका कतारी आजोबांच्या सतरंजीवर, खजुरांच्या ताटाला टेकून थांबली. आजोबांनी दोघांकडे शांतपणे पाहिलं आणि दोन पेले कॉफी ओतली. पट्ट्याचं बक्कल अडकलं होतं. दोघांनी हेल्मेटची काच वर करून ती झोपूनच प्यायली. बिलकिसने घाईघाईने आजोबांना ताटभर बिर्याणी पाठवली. ताट खजुरांनी भरून परत आलं.

“अगं बाई,” रत्नप्रभावहिनी म्हणाल्या, “यांच्यातही तेच!”

बक्कल सुटल्यावर जहूरभाईंनी धापा टाकत विचारलं, “ऐकलंत ना सगळं?”

अरुणकुमार कानातली वाळू झाडत होते. “काय? हेल्मेटमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही हो.”

जहूरभाई मटकन वाळूत बसले. मग उठले, बिलकिसकडून चष्मा घेऊन घातला आणि टेकडी चढायला लागले. अरुणकुमारही, आश्चर्य म्हणजे, मुकाट्याने मागून निघाले. दुसऱ्या फेरीत जहूरभाई घसा फोडून बोलले. भात झाला, हॉस्पिटलात नेलेली गाडी झाली, अकरा दिवस मोजून झाले. खाली पोहोचल्यावर अरुणकुमारांनी मान हलवली. “वारा फार होता.”

“चाचा, टाइम मात्र बेस्ट आला!” सुफियान ओरडला.

“तुझा टाइम ठेव तुझ्याकडे,” म्हणत जहूरभाई तिसऱ्यांदा चढले. ऑपरेशन झालेला माणूस, आवाज बसलेला, दाढीत वाळू. पण सोमवारचं विमान त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

वर पोहोचल्यावर सुफियानने पट्टे आवळले. खालून, हेल्मेटमधून, अरुणकुमारांचा आवाज आला.

“जहूरभाई, या वेळी जरा सावकाश बोला.”

“बरं.”

“आणि ते चपलांचं दोन्ही वेळा राहिलं.”

जहूरभाईंनी वळून त्यांचं तोंड बघायची खूप खटपट केली. पण पट्टा घट्ट होता. गाडी सुटली, आणि लाल झेंड्याची वाट न बघता त्यांनी वरूनच, चपलांपासून सुरुवात केली.