दारातला माणूस

चष्मेवाले काका सकाळी दुकान उघडलं की आधी काउंटर पुसत, मग कॉम्प्युटर सुरू करत आणि मग परदेशात जात. लेक पूल बांधायचं शिकायला वर्षभरासाठी तिकडच्या विद्यापीठात गेली, तेव्हापासूनचा हा नेम. फ्रेम नीट होईपर्यंत बसून राहिलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना दाखवलं होतं, की नकाशात पत्ता टाकला की तिथला रस्ताच समोर येतो. घरं, झाडं, माणसंसुद्धा. हे चित्र नेमकं कधीचं असतं, तेवढं सांगायचं मात्र त्या गिऱ्हाइकाकडून राहून गेलं.

काका मुळात चौकस. तिकडच्या खिडक्यांना गज का नाहीत, कचऱ्याचे डबे तीन रंगांचे कशासाठी, एकाही गॅलरीत कपडे कसे वाळत नाहीत, याची त्यांनी लेकीकडून फोनवर कसून चौकशी केली. घरात तिला ठकू म्हणत. ठकूला तिच्या गल्लीतली बेकरी सापडायच्या आधी काकांना सापडली होती. चित्रातली माणसं हलत नाहीत, याचं कारण आपलं नेट स्लो. गाड्या जागच्या सरकत नाहीत, ती तिकडची शिस्त. आणि केव्हाही बघा, ऊनच, कारण त्या देशांत सूर्य उशिरा मावळतो, हे काका शाळेत शिकले होते. एकदा माणसाने मनाशी ठरवलं की पुरावे आपण होऊन रांगेत येतात. काकांकडे तर रांग दाराबाहेर गेली होती.

मग एक दिवस त्यांना तो माणूस दिसला. ठकूच्या इमारतीच्या दारात, तपकिरी कोट घालून, हात खिशात. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिथेच. आठवड्याने पाहिलं, तिथेच. त्यात चेहरा धुरकट. काकांनी चष्मा पुसला, पडदा पुसला, डोळ्यांपुढे वेगवेगळ्या नंबरांची भिंगं धरून पाहिली. इमारतीची वीट न् वीट स्वच्छ दिसत होती, तोंड तेवढं दिसत नव्हतं. तोंड लपवून मुलींच्या दाराशी उभा राहणारा माणूस भला कसा असेल?

त्यांनी ठकूला फोन केला. ती खाली जाऊन पाहून आली. कुणी नव्हतं. "मी आत्ता बघतोय. उभाच आहे," काका म्हणाले. बाबा नकाशा बघतात हे ठकूला माहीत होतं, पण नकाशातला माणूस त्यांना आत्ताचा वाटत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दारावर खरोखरच कॅमेरा बसवलेला होता. पालकांनाही तो बघता येत असावा, असं ती धरून चालली. आणि मग तिची पाचावर धारण बसली. बापाला दिसतो आणि आपल्याला दिसत नाही, असा माणूस दारात असणं काही बरं नव्हे.

ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. ते दार कचऱ्याच्या डब्यांपाशी उघडत होतं. रोज चोरपावलांनी डब्यांमागून उगवणारी ही मुलगी काहीतरी लपवतेय, अशी इमारतीच्या राखणदार बाईंची खात्री झाली आणि त्या तिच्या मागावर राहू लागल्या. आता खरंच कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, हे ठकूला जाणवलं. तिने तसं घरी सांगितलं.

नेमकी त्याच वेळी काकांची थोरली बहीण, अक्का, चष्म्याची काडी बदलायला दुकानात आली होती. तिने पडद्यावरचा माणूस पाहिला आणि निकाल देऊन टाकला. "पोरीला परत बोलाव. पूल काय, इकडे नाहीत?"

काकांना ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं. ठकूला या जागेसाठी दोनदा अर्ज करावा लागला होता, आता परत आली तर सगळंच पाण्यात जाणार, हे त्यांनाही कळत होतं. पण काळजीपुढे शहाणपण चालत नाही. त्या संध्याकाळी काकू चहा घेऊन दुकानात आल्या, अक्का खुर्ची ओढून बसली आणि काकांनी फोन लावला. सामान बांध, म्हणाले. ठकूने एकच विनंती केली: मी दारात जाऊन उभी राहते, तुम्ही नीट बघा.

"बाबा, आले खाली. इथे कोणीसुद्धा नाही."

"तो आहे. तूच दिसत नाहीस."

"मी हात हलवतेय ना."

काकांनी नाक पडद्याला टेकवलं. "कोणी हात हलवत नाहीये."

मग अक्का हळूच म्हणाली, "म्हणजे पोरगी या पत्त्यावर राहतच नाही."

काकांचा आवाज बदलला. "ठकू, खरं सांग. राहतेस कुठे तू?"

परका देश, उघड्या पायरीवर उभं राहायचं आणि बापाने असं विचारायचं. ठकूला रडू कोसळलं. रडतारडताच तिने व्हिडिओ सुरू केला आणि फोन दाराकडे वळवला. काकांनी पाहिलं. तेच दार, तीच पायरी, पण धो धो पाऊस. मान वळवून कॉम्प्युटरकडे पाहिलं, तर तिथे लख्ख ऊन. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपलेला तो माणूस बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"तिथे ऊन कसं?" त्यांनी विचारलं.

"कुठे ऊन?" ठकू म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, तो फोटो आहे. गाडीवर कॅमेरा लावून कधीतरी काढलेला, जुना. चेहरे मुद्दाम पुसतात. सगळ्यांचेच."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकांना मात्र हसू आलं नाही. रोज दुकान बंद करताना ते पडद्यावर वरच्या मजल्यावरच्या ठकूच्या खिडकीकडे बघून 'येतो गं' म्हणत आणि मगच कॉम्प्युटर बंद करत. त्या खिडकीमागे ठकू नव्हतीच कधी. त्यांना फार वाईट वाटलं. ते फोनवरही तिला कळलं असावं, कारण डोळे पुसून ती म्हणाली, "आपल्या दुकानाचा पत्ता टाकून बघा. तो रस्ताही असेल."

काकांनी टाकला. दुकान आलं, जुनी पाटी असलेलं. आणि दुकानाच्या दारात कुणीतरी उभं होतं. चष्मा कपाळावर चढवलेला, एक हात शटरवर, चेहरा पुसट, मान कोपऱ्याकडे वळलेली.

"हा कोण रिकामटेकडा आपल्या दारात?"

काकू वाकून बघू लागल्या. "अहो, तुम्हीच की. ठकूच्या शाळेची बस यायची झाली की असेच उभे राहायचात. गिऱ्हाईक आत ताटकळत बसायचं."

अक्काने पुढे होऊन पाहिलं आणि काकांना बसायला आपली खुर्ची दिली.

काकांनी स्वतःला पुष्कळ वेळ न्याहाळलं. मग पुन्हा ठकूचा पत्ता टाकला. तपकिरी कोटवाला तिथेच होता. त्याचीही मान रस्त्याच्या कोपऱ्याकडे होती, हे काकांच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

"ठकू," ते फोनवर म्हणाले, "सामान राहू दे. आणि उद्यापासून पुढच्या दाराने जात जा. तो तुझ्यासाठी नाही उभा."

"मग कुणासाठी?"

"त्याची पोरगी यायचीय अजून."