कणकेवरचे दात

"या घरात अकलेला साखर मिळत नाही," असं कुणीतरी माझ्या कानाशी पुटपुटलं.

मी चुलीपुढे वाकले होते. पुटपुटणारे आमचे हे. लढाईपायी साखर रेशनवर गेली होती आणि चहाच्या कपात मी अर्धाच चमचा घातला होता.

"अर्ध्या चमच्यात माणूस कारकुनी करू शकतो," हे म्हणाले, "गुन्हेगार पकडायचा तर दीड लागतो."

ह्यांची ओळख ह्यांच्याच शब्दांत सांगते, कारण दुसऱ्या कुणाच्या शब्दांत ती एवढी लांब होणार नाही. "तीस वर्षं तोफगाड्यांच्या कारखान्यात एक्झामिनर. हातात मापाचं गेज घेऊन उभा राहिलो की लोखंड स्वतःहून कबुली देत असे. गेजमध्ये बसलं तर पास, नाही बसलं तर नापास. माणसाचंही तसंच. या जबलपुरात नजरेतून सुटलेली गोष्ट एकच, ती म्हणजे माझी योग्यता. आणि तीही माझ्या नाही, सरकारच्या नजरेतून सुटली."

पेन्शन झाल्यावर लोखंड मिळेना, म्हणून हे माणसांकडे वळले. घमापुरातल्या आमच्या दारावर पाटी लागली: 'बापूसाहेब डबीर, दोषशोधक. लहानमोठे गुन्हे तपासून मिळतील.' तोवर दोन प्रकरणं हाताळून झाली होती. शेजारची हरवलेली गाय आपल्या पायांनी परत आली. ह्यांच्या चष्म्याचा तपास अजून चालू होता. मी मदतनीस. पगार नाही, रजा नाही.

त्या दिवशी चहा निवायच्या आत मराठी शाळेचे हेडमास्तर अण्णा धापा टाकत आले. लढाईत कागद मिळेनासा झाल्यापासून शाळा पुन्हा पाटीवर आली होती. पाडव्याच्या पाटीपूजनाला मुलांना वाटायला कमिटीने मोठ्या मुश्किलीने पाटीवरच्या पेन्सिलींचं खोकं मिळवलं होतं. ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि खोकं अर्धं झालं होतं.

"किल्ली चपराशाकडे, मुरलीधरकडे," अण्णा म्हणाले. "कमिटीचे अध्यक्ष भय्यासाहेब म्हणतात, शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर मुरलीधरला घरी बसवणार. तीन पोरी आहेत हो त्याला."

"अण्णा," हे कप खाली ठेवून म्हणाले, "चोर सापडला समजा. फक्त तो कोण, एवढंच शोधायचं राहिलं."

शाळेत जाताच ह्यांनी जाहीर केलं, "जपानी!"

कौलांवर पांढरे फराटे दिसत होते. पेन्सिलीने शत्रूच्या विमानांसाठी केलेल्या खुणाच त्या! मुरलीधरने शिडी धरली, हे चढले, एका खुणेला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ वरच थांबले.

"कबुतरं," खाली उतरून हे म्हणाले. "पण कुणाची, हा प्रश्न उरतोच."

मग कपाटात पेन्सिलीचा एक अर्धवट तुकडा सापडला. त्यावर दातांच्या खुणा होत्या. ह्यांनी खिशातून लाकडी गेज काढलं. खरं गेज कारखान्यात परत द्यावं लागलं होतं, म्हणून हे सुताराकडून घडवून घेतलेलं.

"उंदीर नापास," हे म्हणाले. "हे माणसाचे दात. पण माणूस पाटीची पेन्सिल खाईल काहून?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने झोपेतसुद्धा दिलं असतं. अच्युतच्या वेळी मी स्वतः नव्याने सारवलेल्या चुलीचा कोपरा ओरबाडून खाल्ला होता.

अच्युत म्हणजे आमचा मुलगा. मार्गशीर्षात आठ दिवसांच्या रजेवर येऊन पुन्हा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेलेला. त्याची बायको विनता याच शाळेत पहिलीला शिकवते.

संध्याकाळी मी तिला कोठीच्या दाराआड गाठलं. तिचे ओठ पांढरे झाले होते.

"सासूबाई, सुटतच नाही हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोरं पाटी ओल्या फडक्याने पुसतात, तो वास आला की मला काही सुचत नाही. मुरलीधरभैयाकडून किल्ली घेते, आणि मग..."

"किती दिवस झाले?"

तिने बोटं मोजली. मी तिचे ओठ पदराने पुसले. आम्ही दोघी हसलो आणि लगेच दाराबाहेर ह्यांची चाहूल घेतली.

मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी दारोदार पेढे वाटले, अध्यक्षांपासून टांगेवाल्यापर्यंत. चौथ्यात सगळं संपलं. त्यानंतर महिनाभर लोक विचारायला येत, आणि हे मागच्या अंगणात जाऊन उभे राहत. म्हणून या खेपेला पाचवा पुरा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असं विनताने मनाशी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी मीही ठरवलं.

तशाच पेन्सिली आणून खोकं भरावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी बाजार पालथा घातला. "अम्मा, सब माल मोर्चे पर चला गया," दुकानदार म्हणाला. आघाडीवर पाटीच्या पेन्सिलींनी कोण लढतंय, देव जाणे.

मग मी मुरलीधरलाच गाठलं. "तुला ठाऊक आहे ना रे?"

"हमको कुछ नहीं मालूम, माताजी," तो व्हरांडा झाडत म्हणाला. "घरवाली म्हणते, ऐसी बात को नजर लगती है. मी तर फक्त कुलूप लावतो."

"नोकरी जाईल तुझी."

तो झाडतच राहिला.

शुक्रवारी ह्यांनी दातांची परीक्षा ठेवली. "शेरभर कणीक भिजव," मला हुकूम झाला. "घट्ट. गुन्हेगाराने चावा घेतला की ठसा उमटला पाहिजे." शाळेतल्या सगळ्यांना एकेक गोळा मिळाला. अण्णांनी चावा घेतला आणि तोंड बाजूला केलं, तर त्यांची नवी कवळी गोळ्यातच राहिली.

"सापडला!" हे ओरडले. "दात टाकून पळून राहिला होता!"

"अहो, फळतोय कुथे मी?" अण्णा कळवळले.

विनताच्या गोळ्यावर पुढच्या दोन दातांमधली फट स्पष्ट उमटली होती. अगदी त्या तुकड्यावर होती तशीच. ह्यांनी सगळे गोळे नावं घालून ताटात मांडले आणि सकाळी शांतपणे जुळवायचे म्हणून माझ्या ताब्यात दिले.

मी त्यांच्या पोळ्या केल्या.

"पुरावा कुठे आहे?" जेवता जेवता ह्यांनी विचारलं.

"तुमच्या ताटात. रेशनचा गहू आहे, फेकून देऊ काहून?"

ह्यांनी हातातल्या घासाकडे पाहिलं. मग डोळे मिटून सगळा पुरावा वरणाशी खाऊन टाकला.

शनिवारी शाळा सुटल्यावर कमिटी बसली. भय्यासाहेब खुर्चीत, अण्णा कवळीसकट त्यांच्या शेजारी, मुरलीधर दाराशी. विनता आणि मी मुलांच्या बाकावर.

"चलो, बोला बापूसाहेब," भय्यासाहेब म्हणाले. "कोण चोर?"

हे उठून उभे राहिले. "भय्यासाहेब, मन घट्ट करा. चोर तुमच्या घरचा आहे. शाळेच्या आवारात चरते ती तुमची बकरी."

"बकरी कुलूप कशी उघडेल हो?"

"तोच तर तपासाचा पुढचा टप्पा!"

"बस झालं!" भय्यासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "मुरलीधर, किल्ली ठेव इथे. सोमवारपासून येऊ नको."

मुरलीधरने कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याने एकदाही आमच्या बाकाकडे पाहिलं नाही. किल्ली टेबलावर ठेवून त्याने हात जोडले आणि वळला.

"थांब," हे म्हणाले.

हा आवाज मी कारखान्याच्या तीस वर्षांत ऐकला नव्हता. ह्यांनी गेज खिशात घातलं.

"भय्यासाहेब, माझ्याकडे पुरावा नाही. होता तो मीच खाल्ला. पण याने नाही घेतल्या. पहिल्या दिवशी मी शिडीवर होतो तेव्हा शिडी यानेच धरली होती. चोर असता तर केव्हाच सोडून दिली असती. माझी खात्री आहे."

"मग कोणी घेतल्या?"

"ते मला कळून नाही राहिलं," हे म्हणाले. हे वाक्य ह्यांच्या तोंडून निघायला चाळीस वर्षांचा संसार लागला.

अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे त्यांच्या घरच्यांनी त्यांना विनताचं सांगितलं होतं तर. मुरलीधर पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, तर शेजारून विनताने माझा हात दाबला.

ती उठली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. भय्यासाहेबांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "पेन्सिली मी खाल्ल्या. मला दिवस गेलेत."