नापास झालेला समुद्र

एका जंगलात, बाळांनो, जिथे झाडं संपतात आणि लाटा सुरू होतात, तिथे झिपरू नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्या गुहेपासून समुद्र दहा पावलांवर होता. तरी झिपरूला घरातच समुद्र हवा होता. हौस म्हटली की अक्कल रजेवर जाते.

उदमांजरशेठच्या दुकानातून त्याने काचेची टाकी आणली, पोवळं आणलं आणि शेंदरी नावाची बोटभर मासोळी आणली. शिवाय समुद्री मिठाचं पाकीट. ते तो झऱ्याच्या गोड्या पाण्यात मोजून कालवू लागला.

"दारातलं खारं पाणी का नाही घेत रे?" शेजारच्या कुर्लीमावशीने विचारलं.

"त्यावर कंपनीचं नाव नसतं, मावशी."

मग लाटा करणारा पंखा आला. पंख्याने पाणी तापलं, म्हणून पाणी गार करणारं यंत्र आलं. त्याच्या घरघरीने शेंदरी बिथरली, म्हणून तिच्यासाठी औषधाचे थेंब आले. गुहेत पाय ठेवायला जागा उरली नाही. झिपरू बाहेर जांभळाखाली झोपू लागला.

एके सकाळी शेंदरी कुशीवर तरंगताना दिसली. झिपरू टाकीच्या काचेला नाक लावून बसला. फार जीव होता हो त्याचा तिच्यावर!

"मेल्या, बघतोस काय? समुद्रात सोड तिला!" मावशी ओरडली.

झिपरू तिला करवंटीत घेऊन धावला. पण पाण्याशी पोचताच त्याला कानामागे खोचलेली शेठची कागदी तपासणीपट्टी आठवली. हिरवी झाली तर पाणी चांगलं. त्याने ती समुद्रात बुडवली. पट्टी पिवळी!

"समुद्र नापास!" तो किंचाळला. "अशा पाण्यात पोरीला सोडू?"

करवंटी वाळूत ठेवून तो औषध आणायला पळाला. मावशीने नांगीने करवंटी कलंडवली. शेंदरी क्षणभर निपचित पडली, मग शेपटी हलवून सुळकन लाटेत शिरली.

झिपरू बाटली घेऊन आला. रिकामी करवंटी पाहून त्याने भोकांड पसरलं.

"अरे, ती बघ, कशी उड्या मारतेय!" मावशी म्हणाली.

"तडफडतेय ती, मावशी!" म्हणत त्याने अख्खी बाटली समुद्रात ओतली.

आज तीन वर्षं झाली. झिपरू रोज सकाळी समुद्राला औषध पाजतो. शेंदरी लेकरंबाळं घेऊन त्याच्या पायांभोवती खेळते. झिपरू मात्र पिवळ्या पट्टीकडे बघून डोळे पुसतो.

तात्पर्य : मासोळी जगली की मेली, हे डोळ्यांनी ठरवू नये. कागद काय म्हणतो ते पाहावं.