दामलेंच्या बदल्यात दोन पोरं

कुवेतमध्ये असताना सबनीसांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे आले की पोह्यांची डिश हातात घेऊन ते हॉलभर फिरायचे. "अंकल, प्लीज सिट ना," म्हणून माझी मुलगी थकली. आमची ही बिचारी गालिच्यावरची शेव वेचत त्यांच्या मागून फिरायची.

सबनीस रिफायनरीत मेंटेनन्सला, आणि आमच्या शुक्रवारच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन. सुलैबियापलीकडच्या मोकळ्या वाळूत पिच म्हणून जुना गालिचा अंथरून आम्ही खेळायचो. "पार्ट फुटायची वाट बघायची नसते, आधीच बदलायचा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंपापासून शेजाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत ते सगळ्याला लागू असायचं.

त्या वर्षी आम्ही ओळीनं हरत होतो. आमचे खंदे खेळाडू पन्नाशीला टेकलेले. चेंडू सीमेकडे निघाला की आम्ही उभ्या उभ्या त्याला निरोप द्यायचो. शेवटी सबनीसांनी माझ्या घरी मीटिंग घेतली आणि फेऱ्या मारत जाहीर केलं, "अर्दियाच्या टीमवाले दोन तरुण पोरं देतायत. त्यांच्याकडे कीपर नाही. बदल्यात त्यांना आपला दामले हवाय."

सगळ्यांनी नजरा चहाच्या कपात घातल्या. कारण दामले तिथेच बसले होते. हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, आमचे जुने विकेटकीपर, आणि सबनीसांचे रूममेट. मुलांच्या कॉलेजसाठी दोघांचीही कुटुंबं पुण्याला परतलेली. शुक्रवार सोडला तर दामलेंकडे दुसरं काही नव्हतं, आणि हे सबनीसांहून जास्त कुणाला ठाऊक असणार? मला त्यांचा भयंकर राग आला.

"दाम्या, तुझं काय म्हणणं?" सबनीसांनी विचारलं.

"पंपाला विचारतोस का बदलताना?" दामले म्हणाले आणि अर्धा चहा टाकून निघून गेले.

पण जिंकायचं सगळ्यांनाच होतं. हळूहळू हात वर झाले.

पुढचा आठवडाभर त्या दोघांच्या घरात अबोला. सबनीस वरणभात करायचे आणि दामले बाहेरून डबा आणून आपल्या खोलीत जेवायचे.

शुक्रवारी नवी पोरं वाऱ्यासारखी धावली. समोरची टीम स्वस्तात आटोपली. आमची बॅटिंग आली तेव्हा कळलं, टॉस करून 'आलोच' म्हणत गाडी घेऊन गेलेले सबनीस परतलेच नाहीत आणि बॅटी त्यांच्या डिकीत आहेत. तेव्हा मोबाइल नव्हते. मी अंदाजानं अर्दिया गाठलं.

गोदामाच्या सावलीत दामले पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट बघत होते. शेजारी चटईवर मांडी घालून सबनीस. चक्क बसलेले.

"अहो, बॅटी," मी म्हणालो. त्यांनी न उठता किल्ली टाकली.

"तिकडे तुमची टीम जिंकतेय."

"जिंकू दे. अजून दोन मॅच हरलो असतो तर तुम्हीच याला बाहेर बसवलं असतं. इथे खेळतो तरी." मग खाली बघत म्हणाले, "नवी माणसं आहेत. शेजारी कुणीतरी ओळखीचं नको का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी किल्ली उचलली.

"ह्याला घेऊन जा हो, मघापासून डोकं खातोय," दामले म्हणाले. तेवढ्यात अर्दियाची विकेट पडली. दामले उठले, ग्लोव्ह्ज चढवले आणि चार पावलं जाऊन मागे न बघताच म्हणाले,

"आज वरण दोघांचं लाव."